गुडघा आत पडतो तेव्हा: वाढत्या खेळाडूंचे पाय कसे घडवायचे

शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सराव चालू असताना चेंडू सोडून फक्त पोरांचे गुडघे बघत बसलात, तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. हेडरसाठी उडी मारून खाली येताना काहींचे गुडघे क्षणभर एकमेकांकडे ओढले जातात आणि पुन्हा सरळ होतात. पापणी लवेपर्यंत सगळं संपतं. गुडघ्याच्या आतलं एसीएल नावाचं लिगामेंट (हाडांना बांधून धरणारी दोरी) तुटतं ते बरेचदा अशाच क्षणी: पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा जवळजवळ ताठ आणि आत झुकलेला, धड एका बाजूला कललेलं. धक्का द्यायला समोर कुणी असावंच लागत नाही.

गोव्यातल्या फोंड्यात फिजिओथेरपी करताना माझ्याकडे पालक येतात ते गुडघ्याची तक्रार घेऊन, आणि त्यांना गुडघ्याचाच व्यायाम हवा असतो. गुडघा बिचारा मधला. वर खुबा आणि खाली पाऊल जसे वागतील तसा तो वागतो. म्हणून पुढच्या सरावात गुडघ्यापेक्षा खुब्याला, पोटरीला आणि उडी मारून खाली उतरण्याच्या सवयीला जास्त काम आहे. साधारण ९ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी हे लिहिलंय, खेळ फुटबॉल असो, खो-खो असो की बॅडमिंटन.

हाड की हालचाल, हे आधी ठरवा

पोरगं नुसतं सरळ उभं असतानाही गुडघे चिकटतात आणि घोटे लांब राहतात, ही हाडाची ठेवण झाली. उभं असताना पाय ठीक दिसतात, पण एका पायावर वाकलं की गुडघा आत पळतो, ही हालचालीची गोष्ट झाली. दोन्हींचे रस्ते वेगळे.

लहान मुलांचे पाय दीड-दोन वर्षांपर्यंत बाहेर वाकलेले असतात, मग आत वळू लागतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी सगळ्यात जास्त आत दिसतात आणि सात-आठ वर्षांचं होईतो बहुतेकांचे मोठ्या माणसांसारखे होतात. थोडेसे आत राहणं हे तर नॉर्मलच. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाचे गुडघे घासतात म्हणून धावपळ करू नका. पण आठ वर्षांनंतरही वाक वाढतोय, एकाच पायात आहे, मूल वयाच्या मानाने बुटकं आहे, किंवा गुडघे जुळवून उभं केलं की दोन घोट्यांच्या आतल्या बाजूंमध्ये ८ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर राहतं, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता तपासायला हवी. आणि वाक खरंच जास्त असेल तर वाढीच्या पट्टीवर (हाड जिथून लांब होतं त्या कुर्चेवर) छोटी प्लेट बसवून तो हळूहळू सरळ करता येतो, पण वाढ चालू असेपर्यंतच. दहावी होऊ दे, मग बघू, असं म्हणणाऱ्यांची ही वेळ निघून जाते.

पाय बांधून झोपवणं, तेल लावून ओढणं, टाचेला पाचर लावलेले बूट, यांनी हाड सरळ होत नाही. व्यायामानेही होत नाही. व्यायामाने हालचाल सुधारते, आणि मैदानावर दुखापत होते ती बहुतेक हालचालीतच.

टिकली आणि मोबाईल

तपासणीला यंत्र लागत नाही. मुलाला हाफ पॅन्टमध्ये, अनवाणी उभं करा. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांच्या मधोमध एकेक टिकली चिकटवा, ठळक रंगाची. मोबाईल दहा फुटांवर स्टुलावर ठेवा, गुडघ्याच्या उंचीला, बरोबर समोर. हातात धरून, उभ्याने शूटिंग केलंत तर वरून घेतलेल्या कोनात सगळंच फसवं दिसतं.

आता एका पायावर उभं राहून पाच वेळा हळू खाली वाकायला सांगा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखं पण अर्ध्यावरच थांबून. मग दुसरा पाय. नंतर व्हरांड्याच्या एका पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी आणि लगेच वर उडी, तीन वेळा. काही सूचना देऊ नका. सांगितलं की पोरं सावध होतात आणि खरं ते लपतं.

व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघा. टिकली पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का? अंगठ्याच्याही आत जाते का? उचललेल्या बाजूचा खुबा खाली घसरतो का? धड उभ्या पायाकडे कलतं का? तळव्याची कमान सपाट होऊन पाऊल आत लोळतं का?

हे झाल्यावर एकच सूचना द्या, “गुडघा करंगळीकडे ठेव”, आणि पुन्हा शूट करा. माझ्या लेखी सगळ्या तपासणीतली ही सर्वात उपयोगाची पायरी. सूचनेनंतर गुडघा नीट रेषेत आला तर ताकद आहे, सवय नाही. तुमचा जास्त वेळ खाली दिलेल्या उतरण्याच्या सरावात जाईल. सूचना देऊनही पाय थरथरतो आणि गुडघा आतच येतो, तर ताकद कमी आहे, जमिनीवरच्या व्यायामांना जास्त आठवडे द्या.

तिसरी शक्यता घोट्याची. भिंतीपासून १० सेंटीमीटरवर अंगठा ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगा. लागत नसेल तर घोटा कडक आहे, आणि कडक घोटा असला की खाली वाकताना पाऊल आत लोळवूनच जागा मिळते. अशा मुलाला रोज, भिंतीला गुडघा लावण्याचाच सराव द्या, प्रत्येक पायाने पंधरा वेळा.

मुली आणि वाढीची उसळी

फातोर्ड्याला २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले. मुलींचं खेळणं वाढावं, पण त्यांच्या गुडघ्यांना वेगळं लक्ष हवं. फुटबॉलसारख्या खेळात एसीएल तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन-तीनपट असतो, आणि हा फरक वयात येताना सुरू होतो. उंची आणि वजन वाढतं, पण खुब्याची आणि मांडीमागच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने आपोआप वाढत नाही. सराव करून ती वाढवता येते. म्हणून मुलींनी बारा वर्षांच्या आतच सुरुवात केलेली बरी.

मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करा. महिन्याला पाऊण सेंटीमीटर किंवा जास्त वाढ दिसू लागली की तो उसळीचा काळ. कालपर्यंत झोकात धावणारं पोर या दिवसांत अडखळतं, चेंडू पायातून निसटतो. कोच ओरडतात. ओरडू नये, ताकदीचे व्यायाम चालू ठेवावेत आणि उड्या कमी कराव्यात.

पहिला टप्पा: जमिनीवर, तीन-चार आठवडे

आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. वीस मिनिटं पुरतात.

ब्रिज: पाठीवर झोपून गुडघे वाकवा, टाचांवर जोर देऊन कंबर उचला, वर दोन सेकंद थांबा. १२ चे तीन सेट. सोपं झालं की एका पायावर ८. ताण कुल्ल्यात जाणवला पाहिजे. कंबरेत किंवा मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा थोड्या जवळ घ्या.

भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा आणि वरचा पाय भिंतीला टाच घासत वर न्या, पायाची बोटं किंचित जमिनीकडे. १२ चे तीन सेट, दोन्ही बाजू. खुब्याच्या बाजूचा स्नायू, म्हणजे एका पायावर उभं असताना कंबर तोलून धरणारा, इथे जागा होतो. बोटं आकाशाकडे वळली की पोरं मांडीच्या पुढच्या स्नायूने फसवतात, तेवढं बघा.

साइड प्लँक: कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर टेकून कंबर उचलून धरायची, २० सेकंदांपासून. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, १५ चे तीन सेट, आधी दोन्ही पायांवर, मग एका. आणि अनवाणी उभं राहून बोटं न मुडपता अंगठ्याखालचा उंचवटा टाचेकडे ओढायचा, कमान उचलायची. दिसायला काहीच दिसत नाही, पण दात घासताना रोज केलं तरी पाऊल सुधारतं.

दहा वर्षांखालच्यांना यातलं काहीच शिस्तीत करायला लावू नका. त्यांना लंगडी खेळवा. एका पायावर तोल, धक्का, दिशा बदलणं, सगळं त्यात आहे. अट एकच: डाव बदलला की पाय बदलायचा.

दुसरा टप्पा: चिरा

गोव्यात घर बांधलेल्या प्रत्येकाच्या मागीलदारी एखादा उरलेला जांभ्याचा चिरा असतोच. आडवा ठेवला की सात-आठ इंचांची अगदी हवी तशी पायरी. डगमगत नाही ना ते बघा. पावसात शेवाळ धरलेला असेल तर नारळाच्या काथ्याने घासून घ्या किंवा वर जुनं पायपुसणं टाका.

मुलाने चिऱ्यावर एका पायाने उभं राहायचं, दुसरा पाय कडेवरून हवेत. उभा गुडघा वाकवत तीन सेकंदांत खाली जायचं, मोकळ्या टाचेने जमिनीला नुसता स्पर्श करायचा, वजन टाकायचं नाही, आणि तसंच वर यायचं. प्रत्येक पायाने ६, तीन सेट.

सगळी गंमत त्या तीन सेकंदांत आहे. पहिल्या सेकंदाला सगळ्यांचं छान असतं. दुसऱ्यात उभी टाच हलकी होते, वजन चवड्यावर येतं आणि टिकली अंगठ्याकडे सरकू लागते. तिसऱ्यात मोकळ्या बाजूचा खुबा खाली पडतो, कारण जमिनीला टाच लावायचा तोच सोपा मार्ग. आठवीतली एक बचावपटू मुलगी, मैदानावर भल्याभल्यांना अडवणारी, चिऱ्यावर पहिल्या दिवशी धड दोन वेळाही नीट उतरू शकली नव्हती. तिला आरशासमोर उभं केलं आणि फक्त कंबरेवरचा पट्टा आडवा ठेवायला सांगितलं. गुडघ्याविषयी एक शब्द नाही. पट्टा आडवा राहिला तेव्हा गुडघाही सरळ राहिला.

सात इंच जमत नसतील तर दोन जाड वह्यांवरून सुरुवात करा. उंची कमी करण्यात कमीपणा नाही, वाकड्या गुडघ्याने मोजणी पूर्ण करण्यात आहे.

सोबत तीन गोष्टी. एक पाय पुढे, एक मागे ठेवून खाली वाकणं, म्हणजे स्प्लिट स्क्वाट, ८ चे तीन सेट. एका पायावर उभं राहून, पाठ सरळ ठेवून पुढे झुकणं आणि चिऱ्याला हात लावून येणं, ८ चे दोन सेट. आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं हळू पुढे पडत जायचं, शेवटी हातांवर झेलायचं. सुरुवातीला फक्त ३ ते ५ वेळा, आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच दुखतात, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी नको. नडगी पुढे घसरू नये म्हणून एसीएलच्या जोडीने हेच स्नायू धरून ठेवतात, त्यामुळे कंटाळवाणं असलं तरी सोडू नका.

वजन कधी वाढवायचं? सगळे सेट झाल्यावर अजून चार-पाच वेळा सहज झालं असतं असं वाटलं तर दप्तरात पाण्याची एक लिटरची बाटली टाका, म्हणजे एक किलो झालं. वजन उचलल्याने उंची खुंटते ही समजूत खरी नाही. देखरेख आणि नीट पद्धत असेल तर शाळकरी वयात ताकदीचा सराव सुरक्षित आहे.

तिसरा टप्पा: आवाज न करता उतरणं

चिऱ्यावर दोन्ही पायांनी टिकली रेषेत राहू लागली की मगच उड्या. आधी नाही.

जागेवर छोटी उडी, खाली येऊन दोन सेकंद पुतळा. मुलाला गुडघा कसा ठेवायचा, खुबा कुठे न्यायचा, हे सांगत बसलात तर ते गोंधळतं. “मांजरासारखा उतर, मला आवाज येता कामा नये” एवढंच सांगा. आवाज बंद करायचा तर गुडघे आणि खुबा दोन्ही वाकवावेच लागतात. डोळे मिटून ऐका. धप्प आवाज आला की ती उडी मोजायची नाही. पोरांना हा नियम फार आवडतो.

यानंतरचा क्रम असा: दोन पायांवर पुढे उडी, मग चिऱ्यावरून खाली, मग एका पायावर पुढे, मग बाजूला, आणि शेवटी हवेत असताना कुणीतरी चेंडू फेकायचा. शेवटची पायरी गाळू नका. सामन्यात कुणी गुडघ्याचा विचार करून उडी मारत नाही, लक्ष चेंडूकडे असतं, तेव्हा सरावातही लक्ष दुसरीकडे जायला हवं. एका दिवसात सगळ्या मिळून चाळीस-पन्नास उड्या खूप झाल्या, आठवड्यातून दोनदा.

वळण्याचा सरावही इथेच. पाच मीटरवर चप्पल ठेवा. धावत जायचं, चपलेच्या आधी दोन-तीन छोटी पावलं टाकून वेग कमी करायचा, मग वळायचं. एकाच लांब ढांगेत, पाय बाहेर फेकून ताठ गुडघ्याने वळणारी मुलं सर्वात धोक्यात.

मैदानावर शिक्षा म्हणून बेडूकउड्या आणि बदकचाल देणाऱ्या कोचांशी माझं कधी पटलेलं नाही. दमलेल्या पायांनी, पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर, कुणाचं लक्ष नसताना शंभर उड्या मारून मूल शिकतं ते वाकडं उतरायलाच.

संघाबरोबर करायचं तर

वरचं सगळं पंचवीस मुलांकडून एकेकट्याने करून घेणं शारीरिक शिक्षकाला जमणारं नाही. त्यांनी फिफाचा ‘११+’ वॉर्म-अप धरावा. वीस मिनिटं, १५ व्यायाम, तीन भाग: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, दोन मिनिटं वेगात धावणं. मधल्या भागाच्या तीन पातळ्या आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांत याने एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सात व्यायामांची वेगळी आवृत्ती आहे, तिचे निकाल तर याहून चांगले. आठवड्यातून किमान दोनदा, वर्षभर. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस करून उपयोग नाही.

वाळू, टर्फ, पाऊस

वाळूत धावलं की पाय मजबूत होतात म्हणून मिरामारला किंवा कळंगुटला पोरांना पळवतात. पोटऱ्यांना चांगलं आहे, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावलं की एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो आणि गुडघा तिरपा पडतो. ओहोटीच्या वेळी ओली, सपाट वाळू मिळते तेव्हा जा, आणि जेवढं गेलात तेवढंच परत या. उड्या शिकवायला मऊ वाळू वापरू नका. तिथे आवाज येत नाही, चूक कळत नाही.

मापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर बुटाची पकड घट्ट बसते, पाऊल अडकून गुडघा फिरू शकतो. तिथे लांब स्टडचे बूट नकोत, लहान आणि जास्त स्टडचे घ्या. पाऊस सुरू झाला की उलटा त्रास, लाल मातीवर पाय सटकतो. सरावाची मैदानं बंद असतील तर व्हरांड्यात पहिला-दुसरा टप्पा चालू ठेवा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत आठवडा-दीड आठवडा नेवऱ्या (करंज्या) खाऊन झाल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण सामना खेळवणं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. आधी दोन-तीन दिवस अर्धा सराव.

एकूण भाराचं गणित सोपं ठेवा: आठवड्यात खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि किशोरवयात आठ ते दहा तास झोप. खाण्याचं म्हणाल तर नाचणीचं तिझण (खीर), अळसांदे (चवळी), अंडी, काट्यासकट खाता येतील असे बारीक पेडवे मासे. पावडरचे डबे नंतर बघू.

दुखलं तर

वाटीच्या खाली नडगीच्या सुरुवातीला टणक उंचवटा आणि तिथेच बोट लावलं की दुखणं, हे वाढीच्या वयात खूप आढळतं. धोक्याचं नाही, पण महिनोन्‌महिने रेंगाळतं. पूर्ण बंद करण्यापेक्षा उड्या आणि वेगाने धावणं कमी करा, आणि भिंतीला टेकून अर्धवट बसायला लावा, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते विरलेलं असावं. नाही विरलं तर कालचा भार जास्त झाला.

याउलट काही गोष्टींना घरी थारा देऊ नका. गुडघा मुरगळला, आत टक्‌ झालं आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला, तर लिगामेंट तुटल्याचा संशय घ्या. फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटं, तेल चोळणं बंद, आणि डॉक्टर. गुडघा अडकून सरळच होत नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, ताप येऊन सांधा गरम झालाय, तरीही तेच.

आणि एक दुखणं फसवं असतं. दहा ते सोळा वर्षांचं, बहुधा थोडं जाड मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडतं, पण गुडघ्यात काहीच सापडत नाही, पाऊल मात्र बाहेर वळलेलं दिसतं. अशा वेळी दोष खुब्यात असू शकतो: मांडीच्या हाडाचं वरचं टोक वाढीच्या पट्टीवरून घसरलेलं असतं. त्या मुलाला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि त्याच दिवशी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात नेऊन दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा, नुसत्या गुडघ्याचा नको.

बाकीच्यांनी सहा आठवड्यांनी पुन्हा टिकल्या लावाव्यात आणि त्याच जागी, त्याच उंचीवर मोबाईल ठेवून शूट करावं. दोन्ही व्हिडिओ मुलालाच शेजारी-शेजारी दाखवा. एक पाय अजून मागे असेल तर त्या पायाने प्रत्येक व्यायामाचा एक सेट जास्त, आणि सरावाची सुरुवातही त्याच पायाने.